बसलेला आवाज

"मावशी, तू फर्स्ट इयरला होतीस तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, इथं तुम्हाला कसं वाटतंय म्हणून?"

"नाही."

"कधीच?"

"विचारलं असतं तर आम्ही घाबरलो असतो. वाटलं असतं, काहीतरी चुकलंय आणि आता चौकशी लागणार."

भाची चार दिवसांसाठी माझ्याकडे सोलापूरला आली होती. पहिल्या वर्षाचे पेपर, प्रॅक्टिकल सगळं उरकलं होतं, निकाल लागायचा होता. बॅगेत धुवायचे कपडे, फॉर्मलिनचा वास न गेलेले दोन ॲप्रन आणि एका फोल्डरमध्ये जपून ठेवलेले चार कागद. कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटनं त्यांच्या बॅचकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. तिची कोरी प्रत हिनं मागून आणली होती, खास मला दाखवायला. मी बत्तीस वर्षं ॲनाटॉमी शिकवली, २०२२ साली निवृत्त झाले. आमचं या विषयावर फोनवर अनेकदा वाजलं होतं.

प्रश्नावली मला नवी नव्हती. स्कॉटलंडमधल्या डंडीहून १९९७ साली आलेली, 'ड्रीम' या नावानं ओळखली जाणारी. पन्नास विधानं. प्रत्येकापुढं पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच घरं, शून्य ते चार गुण, एकूण २००. शिकवणं, शिक्षक, स्वतःच्या अभ्यासावरचा विश्वास, वातावरण आणि कॉलेजातलं माणसांतलं जगणं असे पाच भाग. बेरीज ५० च्या आत आली तर परिस्थिती फार वाईट, १०० पर्यंत अडचणी पुष्कळ, १५० पर्यंत वाईटापेक्षा बरं जास्त, त्याच्या वर उत्तम. देशोदेशीच्या मेडिकल कॉलेजांनी ती वापरली आहे, आपल्याकडच्याही. आमच्या विभागात ती एकदा येऊन गेली होती आणि कपाटात गेली होती.

"तुझी बेरीज किती आली?"

"ते राहू दे. तू नेहमी म्हणतेस, हल्लीच्या मुलांना सगळं मऊ लागतं. वाच आणि सांग, यात मऊ काय मागितलंय."

मी चष्मा लावून वाचलं. शिक्षक चिडतात का, मुलांची टर उडवतात का. मनात आलेला प्रश्न विचारता येतो का. गेल्या वर्षीची अभ्यासाची रीत या वर्षी चालते का. राहायची जागा बरी आहे का. ताण आला तर कुणाकडं जाता येतं का. इतकं थकायला होतं का, की शिकण्यातली मजाच जावी.

"हे वाटणं झालं," मी म्हटलं. "शिकणं नाही. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं. त्याला मेसची भाजी आवडली नाही तरी वातावरण वाईट, आणि व्हायवात कमी मार्क पडले तरी वातावरण वाईट. शिवाय तुलना कशाशी करणार तुम्ही? दुसरं मेडिकल कॉलेज पाहिलंय कुठं?"

"लातूर पाहिलंय. तुलना त्याच्याशीच होते, मावशी. तिथून इथं येताना मधे एक दिवस पण मिळत नाही."

ती लातूरला क्लासेसमध्ये दोन वर्षं होती. तो काळ मला तिच्या आईकडूनच कळायचा, म्हणजे रँक कळायचा. बाकी काही आम्ही विचारलं नव्हतं.

"तिथं प्रश्न वाचायचा, चार पर्याय बघायचे, गोल काळा करायचा. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. ७२० चा सगळा खेळ. त्यामुळं जे पक्कं येत नाही त्याला हात लावायचा नाही, सोडून पुढं जायचं. सर रोज तेच सांगायचे, अंदाजानं मारू नका, गप्प सोडा. दोन वर्षांत मी पाच ओळींचं एक उत्तर लिहिलं नाही. एक पण नाही. कुणापुढं उभं राहून तोंडानं काही सांगितलं नाही. आणि इथं आल्यावर पहिल्या इंटर्नलला काय? ॲक्झिला लिहा, आकृती काढा, नावं द्या, अप्लाइड सांगा. आणि मग व्हायवा."

"व्हायवा सगळ्यांनाच अवघड जातो."

"अवघड नाही, उलटा जातो. अर्धवट येत असलं की गप्प बसायचं, हे आम्हाला दोन वर्षं शिकवलं. इथं गप्प बसलं की शून्य. सर म्हणाले, तोंड शिवलंय का? मला ह्यूमरसबद्दल सहा गोष्टी येत होत्या, मावशी. सातवी येत नव्हती म्हणून मी सहा पण सांगितल्या नाहीत."

इथं मी थांबले. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत टेबलापाशी बसलेली मुलं अशीच मुकी व्हायची. हाडाकडं बघत राहायची. बारावीच्या मार्कांवर आलेली मुलं मी शिकवली, १९९९ नंतर राज्याच्या सीईटीची शिकवली, ती परीक्षाही पर्यायांचीच होती, पण चुकीला दंड नव्हता. ती मुलं ठोकून द्यायची, चुकायची, हसायची. देशभराच्या नीट प्रवेशपरीक्षेची मुलं आल्यावर हे बंद झालं. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला वाचन नाही, गांभीर्य नाही, मोबाइल आहे, अशी नावं ठेवली. मुलांना गप्प बसण्याचं प्रशिक्षण मिळालेलं असेल, ही शक्यता कुणी बोलून दाखवली नव्हती. मीही नाही.

पण हे मी तिला लगेच सांगितलं नाही. वाद घालताना माणूस कबुली मागं ठेवतो.

"बरं. पण थकण्याचं काय? आम्ही थकत नव्हतो? मी १९८१ ला एमबीबीएसला लागले तेव्हा डीएचमध्ये, डिसेक्शन हॉलमध्ये, पंखे चार, बॉडीला तेलकट वास, उन्हाळ्यात डोळ्यांतून पाणी. फिजिऑलॉजीला बेडूक असायचे, धुरानं काळा केलेला कागद ड्रमवर चढवायचा, एक रेघ पुसली की सगळं पहिल्यापासून. आम्ही तक्रार केली नाही."

"तुमचं फर्स्ट इयर किती महिन्यांचं होतं?"

"अठरा."

"आणि आमचं?"

मला उत्तर माहीत होतं. १९९७ च्या नियमांनी अठराचे बारा झाले. अभ्यासक्रम त्या प्रमाणात कमी झाला नाही, फक्त दाटीवाटीनं बसवला गेला. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला, त्यात फाउंडेशन कोर्स आला, पहिल्या वर्षातच वॉर्डात नेणं आलं, रुग्णाशी कसं बोलावं आणि नीतीनं कसं वागावं याचे तास आले. सगळ्या चांगल्या गोष्टी. पण वर्ष त्या मानानं वाढलं नाही. थिअरीला ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकलला ८०. पहिलं वर्ष पार करायला चार संधी. सकाळी आठला लेक्चर, संध्याकाळी पाचला सुटका, रात्री जर्नल.

"म्हणजे थकवा हे माझं वाटणं नाही," ती म्हणाली. "गणित आहे."

"ते मान्य. पण एक ऐक. माझे विद्यार्थी पंधरा-वीस वर्षांनी भेटतात. सर्जन झालेले, मोठमोठी हॉस्पिटलं चालवणारे. पाया पडतात. म्हणतात, मॅडम, तुम्ही त्या दिवशी ओरडला नसता तर मी वाचलं नसतं. त्या वेळी ही प्रश्नावली दिली असती तर याच मुलांनी मला शून्य दिलं असतं. मग खरं कुठलं? तेव्हाचं वाटणं की आत्ताचं?"

मला वाटलं, हा बिनतोड मुद्दा आहे.

"जे भेटायला येतात ते पाया पडतात," भाची म्हणाली. "जे येत नाहीत ते काय म्हणतात?"

मी चहा ठेवायला उठले. गॅसपाशी उभं राहिल्यावर मला एक मुलगी आठवली. नाव आठवलं नाही, आणि ते आठवू नये याचंच वाईट वाटलं. टर्म-एंडचा व्हायवा होता. तिच्या हातात स्फिनॉइड होतं, फुलपाखरासारखं ते हाड, सगळ्यांनाच अवघड. ती काही बोलेना. मागं मुलांची रांग होती, मला दोनपर्यंत सत्तर मुलं संपवायची होती. मी हाड तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, हे धरायचं कसं तेही माहीत नसेल तर इथं कशाला आलीस? ती रडली नाही. ॲप्रनच्या खिशात हात घालून निघून गेली. त्या परीक्षेत ती नापास झाली, मागं राहिलेल्यांच्या ऑड बॅचला गेली, पुढं पास झाली असावी. ती कधी भेटायला आली नाही. बत्तीस वर्षांत अशा किती, हे मला सांगता येणार नाही, कारण मी मोजलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

चहा घेऊन आले तेव्हा ती माझ्या जुन्या चौरासियाची, ॲनाटॉमीच्या पुस्तकाची, पानं उलटत होती.

"इंग्रजीचं कसं गेलं?" मी विषय बदलला.

"मला सेमी-इंग्लिश होतं, निभावलं. रूममेट झेडपीच्या शाळेतली. पहिला महिना ती रोज रात्री शब्दकोश घेऊन बसायची, वैद्यकाचा नव्हे, साधा. 'अदरवाइज', 'रेस्पेक्टिव्हली' असले शब्द तिला अडायचे. ब्रेकियल प्लेक्सस नाही अडलं. तिला खरं शिकवलं डीएचमधल्या मामांनी."

डीएचमधले मामा म्हणजे अटेंडंट. प्रत्येक कॉलेजात एक तरी असे मामा असतात. पंचवीस-तीस वर्षं बॉडी काढणं, ठेवणं, पार्ट जपणं करून त्यांना जेवढी ॲनाटॉमी येते तेवढी कित्येक लेक्चररना येत नाही. हिच्या टेबलाला पंचवीस मुलं. पुढच्या पाच जणांना दिसायचं, बाकीचे माना उंच करून उभे. संध्याकाळी सगळे गेले की मामा या दोघींना थांबवायचे आणि मराठीत सांगायचे : ही बघ पोरी, ही जाडी पिवळसर दोरी, ही नर्व्ह. ही पोकळ लागते, दाबली की चपटी होते, ती व्हेन. बोट लावून बघ, डोळ्यानं फसशील.

"मावशी, पन्नास विधानांत शिक्षकांबद्दल अकरा आहेत. मी ती भरताना मामांना धरलं. चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवायचे वर्ग भरत असत. मामा आपल्या परीनं तोच वर्ग संध्याकाळी साडेपाचनंतर चालवत होते. लेक्चर हॉलमध्ये आपण मराठीत एक वाक्य बोललो तर दर्जा खालावेल, या भीतीत मी कितीतरी वर्षं काढली. मराठी बोलल्यानं कुणाच्या हातून चुकीची शीर कापली गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग ती म्हणाली, "एक गोष्ट या पन्नासांत नाहीच. डंडीच्या लोकांना सुचणारच नाही ती."

"कुठली?"

"पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर सगळे एकच विचारतात. स्कोअर किती? आकडा सांगितला की समोरचा मनात हिशोब करतो, आणि त्याचा चेहरा बदलतो. प्रवेशाची यादी नेटवर असते, नावापुढं प्रवर्ग असतो. ज्याला बघायचंय त्यानं बघितलेलंच असतं. तरी विचारतात. माहिती नसते म्हणून नाही. तोंडानं सांगायला लावायचं असतं म्हणून."

"तुला विचारलं?"

"मला विचारलं आणि सोडून दिलं. रूममेटला तीन वेळा विचारलं. ती ग्रुप डिस्कशनला बोलायची बंद झाली. बरोबर उत्तर दिलं तर म्हणतात, अरे वा! त्या 'अरे वा'चा अर्थ तिला कळतो. चूक दिलं तर कुणी काहीच म्हणत नाही, एकमेकांकडं बघतात फक्त. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आम्ही शपथपत्रं दिली, आईबाबांनी सह्या केल्या. 'तुझा स्कोअर किती' हे कुठल्या कलमात बसतं?"

यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतं. उलट मला आमची स्टाफरूम आठवली. नवी बॅच आली की पहिली चर्चा कट-ऑफची व्हायची. कोण कुठल्या यादीतून आलंय हे आम्हाला माहीत असायचं आणि माहीत असल्याचं आम्ही लपवायचोही नाही. तोंडी परीक्षेला मुलगा समोर बसण्याआधीच त्याच्याबद्दल आमचं काहीतरी ठरलेलं असायचं. माझं नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. पण ते माझ्यासमोर बसलेल्या मुलांना विचारायला हवं.

मी जरा वेळानं म्हटलं, "पण वातावरण करता येतं, हेही मी पाहिलंय. सेवाग्रामला. सुशीला नायर यांनी १९६९ ला ते मेडिकल कॉलेज काढलं. तिथं पहिल्या वर्षाची मुलं कॉलेज सुरू होण्याआधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. झाडलोट, सूतकताई, श्रमदान, एकत्र जेवण. पुढं प्रत्येक बॅच एक गाव घेते. तिथल्या मुलांशी मी बोलले आहे. हाडं तीच, व्हायवा तोच, पण एकमेकांची भांडी घासून झालेली मुलं एकमेकांना स्कोअर विचारण्याआधी नावानं ओळखायला लागलेली असतात. आता सगळीकडं फाउंडेशन कोर्स आलाय तो याच विचारानं."

"आमच्याकडं फाउंडेशन कोर्स म्हणजे एसी हॉलमध्ये पीपीटी. ताणाचं व्यवस्थापन, वेळेचं व्यवस्थापन. दोन तास ताणाचं व्यवस्थापन ऐकताना मागं बसलेल्या मुलांवर सर ओरडले. पण कडॅव्हरची शपथ मात्र खरी वाटली, मावशी. बॉडीसमोर उभं राहून, हात पुढं करून. माझ्या शेजारचा मुलगा हळू आवाजात बॉडीला 'आजोबा' म्हणाला. आम्ही वर्षभर आजोबाच म्हटलं."

हे आमच्या वेळी नव्हतं. आम्हाला पहिल्या दिवशी हॉलमध्ये सोडलं, पांढरं कापड बाजूला केलं आणि छातीवर चीर कुठून घ्यायची ते सांगितलं. त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हा त्याला मजबूत होणं म्हणायचे. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा शपथेला मी 'नाटक' म्हटलं होतं. भाचीच्या तोंडून ते ऐकताना मला माझा शब्द परत घ्यावासा वाटला, आणि मी घेतला.

"मग बिघडलं कुठं?" मी विचारलं. "पीपीटीवरून एवढं कुणी कागद जपून आणत नाही."

तिनं कागद उलटला. एका विधानापुढं पेन्सिलीनं छोटी फुली होती. मनातला प्रश्न विचारता येण्याबद्दलचं विधान.

"जानेवारीत आम्हाला वॉर्डात नेलं. कान-नाक-घसा. एक काका होते, साठीचे. शेतकरी. दोन महिने आवाज बसलेला. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, तालुक्याला इंजेक्शनं झाली. शेवटी इथं आले घसा दाखवायला. मॅडमनी आम्हाला त्यांच्या छातीचा एक्स-रे दाखवला. डाव्या बाजूला गाठ. मॅडम म्हणाल्या, दुखणं छातीत आहे, आवाजावर निघालंय. काका आमच्याकडं बघत होते, बारीक खरखरीत आवाजात म्हणाले, शिका पोरांनो. मला रात्री झोप आली नाही. छातीतल्या गाठीनं घसा कसा बसेल? दुसऱ्या दिवशी लेक्चरला मी हात वर केला."

"चांगलं केलंस."

"सर म्हणाले, आधी लॅरिंक्सची कार्टिलेजेस सांग. मी सांगायला लागले. थायरॉइड, क्रिकॉइड, एपिग्लॉटिस, ॲरिटिनॉइड... नऊ होत नव्हती. सर म्हणाले, नऊ मोजता येत नाहीत आणि कन्सल्टंट व्हायची घाई झालीय. दीडशे जण हसले. रूममेट हसली नाही. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत मी प्रश्न विचारला नाही. कुणीच विचारला नाही, खरं तर."

तिचा आवाज चढला नव्हता. हकिगत सांगावी तसं सांगत होती.

नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या मुलाला वॉर्डात कशासाठी नेतात? त्याला असा प्रश्न पडावा म्हणून. हजारो रुपयांची योजना, तास, वेळापत्रक, लॉगबुक, आणि सगळ्याचं फळ म्हणजे एका मुलीला रात्री झोप आली नाही. एवढं सगळं जमून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या मिनिटात ते संपलं.

तरीही मी शिक्षकाची बाजू मांडली, कारण ती मांडणारं त्या कागदावर कुणी नव्हतं. "त्या सरांना किती मुलं आहेत, माहीत आहे? विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती? इन्स्पेक्शन आलं की आम्हाला दुसऱ्या कॉलेजला पाठवायचे, पंधरा-पंधरा दिवस. परत आलं की राहिलेली लेक्चर्स. प्रश्नांना वेळ दिला तर पोर्शन संपत नाही, पोर्शन संपला नाही तर नोटीस. 'शिक्षक चिडतात का' असं तुम्हाला विचारतात. का चिडतात, हे शिक्षकाला कुणी विचारलं? आमची पन्नास विधानं कुठं आहेत?"

"नाहीत, आणि ते चूक आहे," ती लगेच म्हणाली. "पण मावशी, ते आम्ही नाही केलं."

"तुम्ही नाही केलंत."

"२०२४ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाचा अहवाल आला. पंचवीस हजारांवर एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली होती. २७.८ टक्क्यांनी मानसिक आरोग्याचा त्रास आहे म्हणून सांगितलं."

"ते ऑनलाइन सर्वेक्षण होतं. ज्याला त्रास आहे तो आवर्जून भरतो. आकडा फुगलेला असू शकतो."

"मग निम्मा धर. दहा मुलांच्या टेबलावर जवळपास दीड मूल येतं. आमच्या टेबलावर साडेतीन. निम्मा धरून बरं वाटलं का तुला?"

मी गप्प.

"तू म्हणालीस, हे नुसतं वाटणं आहे. आता सेकंड इयरला आम्हाला पहिल्यांदा पेशंटची हिस्टरी घ्यायला शिकवतील. सीनियर सांगतात, पहिला धडा काय असतो ते. पेशंट सांगतो तो सिम्प्टम, आपण शोधतो ती साइन. दुखतंय असं पेशंट म्हणाला की ते लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत. तुला खरंच दुखतंय का, आमच्या वेळी नव्हतं दुखत, असं म्हणायचं नाही. वेदनेला यंत्र नाही, तोच शून्य ते दहा सांगतो, आणि आपण मानतो. ज्या बिल्डिंगमध्ये हे शिकवतात त्याच बिल्डिंगमध्ये आम्ही दुखतंय म्हटलं की सगळे म्हणतात, हे वाटणं झालं."

मला वाटतं, त्या दुपारी मी पहिल्यांदा हरले, आणि तेही माझ्याच धंद्याच्या पहिल्या धड्यावर. एक गोष्ट मात्र मी तेव्हाही सोडली नाही आणि आजही सोडणार नाही : लॅरिंक्सची नऊ कार्टिलेजेस यायलाच हवीत. ज्याला ती येत नाहीत त्यानं कुणाच्या गळ्याला सुरी लावू नये. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "मला आता येतात. नऊच्या नऊ. सरांच्या ओरडण्यानं नाही आली. काकांमुळं आली." यावर आमचं एकमत झालं नाही. सरांच्या ओरडण्याचा काहीच वाटा नव्हता, हे मला अजून पटत नाही, आणि पटत नाही याचं कारण मी बत्तीस वर्षं ओरडले हे असू शकतं.

स्फिनॉइडवाल्या मुलीची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली. तिनं मधे काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तिनं हाड कसं धरलं होतं?"

मला आठवत नव्हतं. मी तिच्या हाताकडं पाहिलंच नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर पाणी आलं होतं, खालच्या मजल्यावर कुणी बादल्या भरत होतं.

"तुला मग उत्तर मिळालं का?" मी विचारलं. "काकांच्या आवाजाचं?"

"वाचलं. रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह. डावीकडची छातीत उतरते, एऑर्टाच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशात जाते. तिथं गाठ आली की दाबली जाते, आवाज बसतो. पाठ केलं, पेपरात आलं, लिहिलं. पण मला ते कळलेलं नाही. मेंदूतून निघालेली नर्व्ह, घशात जायचंय, रस्त्यात घसा लागतोच. मग घसा सोडून छातीत कशाला जाते आणि परत का येते? हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलंय. एम्ब्रियॉलॉजीच्या पानावर. ॲनाटॉमीच्या पानावर नाही, म्हणून सापडलं नाही."

मी उठले आणि शिवणाच्या डब्यातून परकराची नाडी काढली. एक टोक तिच्या हातात दिलं आणि तिला ते वर, कपाळाच्या उंचीवर धरायला सांगितलं. चहाचा रिकामा कप टेबलाच्या कडेला, तिच्या हनुवटीखाली आणून धरला. "गर्भात सुरुवातीला हृदय इथं असतं. गळ्यापाशी. छाती अजून झालेलीच नाही. नर्व्ह निघाली, रक्तवाहिनीच्या खालून गेली, घशाला पोचली. सरळ, जवळचा रस्ता. काही चुकलेलं नाही." नाडी कपाच्या कानातून ओवून दुसरं टोक मी तिच्या दुसऱ्या हातात दिलं. "हा घसा. हलवू नकोस. आता मान लांबते, आणि हृदय खाली उतरायला लागतं."

मी कप हळूहळू खाली आणला. टेबलाच्या खाली, तिच्या गुडघ्यांपर्यंत. नाडी ताणली गेली, कानात अडकून खाली गेली आणि तिथून परत वर.

ती नाडीकडं बघत राहिली. वरचं टोक, कपाचा कान, परत वर. मग दोन्ही टोकं एका हातात धरून कपाच्या कानाखाली, नाडी वळते तिथं, तिनं बोट घातलं आणि दाबून पाहिलं. टोकं धरलेल्या हाताला ते जाणवलं असणार.

"इथं," ती म्हणाली. "काकांची गाठ इथं."

"तिथंच."

"आणि उजवीकडची नर्व्ह एऑर्टात का नाही अडकली? ती वर सबक्लेव्हियनपाशीच का वळते?"

मी कप तिच्या मांडीवर ठेवला आणि दुसरी नाडी शोधायला उठले.